कोंबडा कीं कोंबडी?

पिलूं अंड्यांतून बाहेर आलें, कीं घरधनीण एकच प्रश्न विचारते: कोंबडा कीं कोंबडी? माणसाच्या घरींहि हाच प्रश्न विचारतात. उत्तराचें मोल मात्र अगदीं उलटें. आपल्याकडे मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी वांटण्याची चाल आहे. खुराड्यांत पेढ्यांचा मान मुलीचा! ती अंडीं देईल, खुडूक बसेल, वंश वाढवील. मुलाचें भवितव्य आषाढी अमावस्येच्या पलीकडे सहसा जात नाहीं.

घोडबंदर रस्त्याच्या तोंडाशीं वसलेल्या आमच्या माजिवड्याला आतां उड्डाणपुलांनीं आणि उंच इमारतींनीं वेढलें आहे. तरी जुन्या गांवठाणांत एखाद्या घरामागें डालगें अजून दिसतें. अशाच एका घरच्या आगरी आजींपाशीं ही परीक्षा मीं पुष्कळदां पाहिली आहे. पांच-सहा आठवड्यांचें पिलूं उचलून त्या आधीं तुरा पाहतात. नराचा तुरा लवकर वाढतो आणि लवकर लाल होतो. तलंगेचा तेव्हां बारीक व फिकट असतो. मग पाय, नराचे अधिक जाड. मग उभें राहण्याची ऐट. "यो कोंबरा हाय, बाला," असें म्हणून त्या पिलूं खालीं सोडतात. निकाल लागला, याची त्या बिचाऱ्याला दादहि नसते.

परंतु तुऱ्यावर सर्वस्वीं विसंबतां येत नाहीं. अशील जातीचा तुरा मुळांतच आंखूड, त्यामुळें तेथें ही खूण उशिरां उमटते. पक्की खूण मिळते ती तीन महिन्यांच्या सुमारास. मानेवर आणि शेपटीच्या अलीकडे, पाठीच्या उतारावर, नराला लांबट, टोंकदार, चकाकणारीं पिसें फुटतात. तलंगेचीं पिसें टोंकाशीं गोल राहतात. आरवण्याची वाट पाहावी लागत नाहीं. कोंबडें झांकलें तरी तांबडें फुटतेंच. येथें तर कोंबड्याचें कोंबडेपणहि झांकून राहत नाहीं.

टोंकदार अंड्यांतून कोंबडा निघतो, असें पुष्कळ लोक मानतात. तें खरें नव्हे. माणसांत अपत्याचें लिंग पित्याच्या बीजावर अवलंबून असतें. पक्ष्यांत तें मातेच्या बीजावर ठरतें. म्हणजे पिढ्यान् पिढ्या आपण सुनांना जो दोष देत आलों, तो द्यायला निसर्गानें एक कोंबडीच काय ती ठेवली आहे. आणि तिला कोणी चकार शब्द बोलत नाहीं!

ज्यांना तीन महिने धीर धरवत नाहीं, त्यांची सोय जपानांतील मासुई आणि हाशिमोतो या शास्त्रज्ञांनीं केली. एका दिवसाच्या पिलाच्या शेपटीखालील बारीकसा उंचवटा पाहून नर ओळखण्याची त्यांची रीत १९३३ सालीं इंग्रजी पुस्तकरूपानें जगापुढें आली. तरबेज माणूस तासाला हजाराच्या घरांत पिलें निवडतो. निवडतो म्हणजे काय? अंड्यांसाठीं वाढविलेल्या जातींचे नर बहुधा त्याच दिवशीं मारून टाकतात. जर्मनीनें १ जानेवारी २०२२ पासून ही हत्या कायद्यानें बंद केली. आतां तेथें पुष्कळ ठिकाणीं अंड्यांतच नर कीं मादी तें पाहतात आणि नराचें अंडें उबवणींतून काढून टाकतात. याला ते दया म्हणतात, आणि तें खोटें नाहीं.

पण माझें मन तेथें अडखळतें. जन्मापूर्वीं डोकावून पाहण्याची हीच विद्या आपल्या घरांत मुलींच्या जिवावर उठली, म्हणून १९८८ सालीं महाराष्ट्राला देशांत सर्वांआधीं तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. एके ठिकाणीं जें ज्ञान दयेचें, तेंच दुसरीकडे पापाचें. दोन्हीकडे डोळा तोच. पाहणाराला काय नकोसें आहे, एवढाच भेद.

आजींना हें कांहीं ठाऊक नाहीं. पुढें सुरी चालवायची हें त्यांना पक्कें माहीत असतें, आणि त्याचें त्या सोंगहि करीत नाहींत. पण सकाळीं कण्या टाकतांना त्या कोणाचा तुरा पाहत नाहींत.