गंजाच्या तळाशी

आमच्या वऱ्हाडात पातेल्याला गंज म्हणतात. अमरावतीच्या घरी जेवणं सुरू झाली की वरणाचा गंज आईच्या पुढ्यात असायचा. बाबांना आणि भावाला वाढताना तिची पळी थेट तळाशी जायची आणि घट्ट, पिवळंधमक वरण घेऊन वर यायची. आम्हा बहिणींच्या वाटीत मधलं यायचं. सगळ्यांची जेवणं आटोपली की आई गंज तिरपा करायची, तळाशी उरलेल्या पिवळ्या पाण्यात ज्वारीची भाकर कुस्करायची, वर तिखट-मीठ, की झालं तिचं जेवण. आम्ही काही म्हणायच्या आत तीच म्हणायची, "मले पातयच आवडते व." ते मी कितीतरी वर्षं खरं मानलं.

डाळ विकतची नव्हती. आजोळ मूर्तिजापूरकडचं. तिथं पऱ्हाटीच्या काही तासांनंतर तुरीचं एक तास, अशी पेरणी असायची. डिसेंबरात हिरव्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून अंगणात बसून खायच्या. सोल्यांची भाजी व्हायची, तिला कांदा-लसणाचं वाटण लागायचं. जानेवारीत तूर घरात आली की आजी ती भिजवायची, तेलाचा हात लावून उन्हात घालायची आणि मग जात्यावर भरडायची. सूप हलायला लागलं की डाळ एकीकडे, टरफलं दुसरीकडे. चुनी गाईपुढे जायची, तुराट्या चुलीत. तुरीतलं काही म्हणता काही वाया जात नसे. एवढी डाळ घरात असूनही ती भरडणाऱ्या बाईच्या वाटीत सगळ्यात कमी उतरायची, हे मला फार उशिरा दिसलं.

भाऊ हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आखाड्यात जायचा. वैद्य बंधूंनी १९१४ साली उभी केलेली ही संस्था अमरावतीचा अभिमान. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी इथल्या पथकानं तिकडे आपले देशी खेळ करून दाखवले, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. भावासाठी रोज रात्री वाटीभर हरभरे भिजत पडायचे. सकाळी तो मूठ भरून चावत बाहेर पडायचा. दंड भरायला हरभरे लागतात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. विहिरीवरून पाण्याच्या गुंड्या आणणाऱ्या हातांनाही काही लागत असेल, हा विचार मात्र कुणाला सुचला नाही. आईलाही नाही.

लग्न होऊन मी अकोल्याला आले आणि ती पळी माझ्या हातात आली. मी तशीच वाढत राहिले. २०१५ मध्ये तुरीची डाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली तेव्हा मी वरणात एक तांब्या पाणी वाढवलं. पुढच्याच हंगामात तूर उदंड पिकली, भाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली कोसळले. आजोळची पोती खरेदी केंद्राबाहेर बारदान्याची वाट पाहत उन्हात पडून होती. डाळ स्वस्त झाली, तरी माझं वरण पुन्हा घट्ट झालं नाही. हाताला एकदा पातळाची सवय लागली की ती सुटत नाही.

चोपन्नाव्या वर्षी माझं वजन चौऱ्याहत्तर किलो भरलं. डॉक्टरांनी दहा किलो उतरवायला सांगितलं. मी जिद्दीनं जेवण निम्म्यावर आणलं. सकाळी फळं, दुपारी एक भाकर, भाजी आणि वरचं वरण, रात्री काकडी-टमाटे. आमच्या घरी मटण क्वचित, तेही पाहुणे आले तर, आणि श्रावणात तर नावही नाही. आठ महिन्यांत नऊ किलो उतरले. सगळ्यांनी कौतुक केलं. मग भादव्यात महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी वाढता वाढता मी जमिनीवर बसले आणि मला उठता येईना. दोन्ही हात फरशीला टेकले, तरी मांड्यांत जोर नव्हता. शेवटी जावेनं खांदा दिला. मोदकाची परात तशीच हातभर अंतरावर राहिली होती.

मग मी आहारतज्ज्ञांकडे गेले. त्या बाईंनी मला वजन विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे चौघांना मिळून डाळ किती शिजते?" तीस वर्षं रोज डाळ शिजवूनही मला उत्तर देता आलं नाही. मी तर मुठीनं टाकत आले होते. घरी येऊन त्या मुठी काट्यावर ठेवल्या: नव्वद ग्रॅम, चौघांत. तुरीच्या शंभर ग्रॅम डाळीत सुमारे बावीस ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे माणशी पाच ग्रॅम. आणि वरवरचं खाणाऱ्या माझ्या वाटीत तेवढीही येत नसणार.

बाईंनी नीट समजावून सांगितलं. शरीर चरबीसारखी प्रथिनं साठवून ठेवत नाही. खाणं कमी झालं आणि त्यात प्रथिनंही कमी पडली, की चरबीबरोबर स्नायूही झडतात. पाळी गेल्यानंतर तर ते आणखी वेगानं. माझे जे नऊ किलो गेले, त्यात मांड्यांचं मांसही गेलं होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली सुधारलेला प्रथिनांचा हिशेब दिवसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅमचा आहे, आणि वजन उतरवत असताना मला किलोमागे किमान एक ग्रॅम तरी हवं, असं त्या म्हणाल्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यानं हे डॉक्टरांना विचारूनच करावं, हेही त्यांनी बजावलं.

म्हणजे माझ्या पासष्ट किलोंना पासष्ट ग्रॅम. ऐकूनच मला डब्यातली पावडर दिसायला लागली होती. पण कागदावर मांडलं तर सगळं माझ्याच फळीवर निघालं. सकाळी पन्नास ग्रॅम मुगाच्या डाळीचं धिरडं: बारा. दुपारी चाळीस ग्रॅम तुरीचं घट्ट वरण: नऊ. ज्वारीच्या दोन वेळच्या दोन भाकरी: बारा. वाटीभर दही: पाच. चार वाजता मूठभर फुटाणे: सहा. रात्री पिठलं: आठ. दोन उकडलेली अंडी: बारा. बेरीज चौसष्ट. तिन्ही वेळच्या जेवणात वाटलेली. अंडी नको त्या दिवशी पंचवीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, त्यांची तेरा ग्रॅम होतात. आमच्या जिल्ह्यांत खरिपात नजर जाईल तिकडे सोयाबीन. त्याचं तेल आपण खातो आणि प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. मी आता दळणात भाजलेल्या सोयाबीनची एक मूठ टाकते.

आणखी एक गोष्ट कळली तेव्हा आजीची आठवण आली. ज्वारी-गव्हात लायसिन नावाचा घटक कमी, तो डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात असतं. दोन्ही एकत्र आले की एकमेकांची उणीव भरून निघते. भाकर-वरण, झुणका-भाकर, पुरणपोळी, मुगाची खिचडी: आमच्या बायांनी ही जोडी कधीच जमवून ठेवली होती. अन्न बरोबर होतं. चुकलं ते वाटप आणि प्रमाण. भाकरी दोनच्या तीन होत गेल्या आणि डाळीत पाणी चढत गेलं.

सकाळी मी कृषी विद्यापीठाच्या बाजूला फिरायला जाते. १९६९ साली सुरू झालेल्या या विद्यापीठात तुरीवर, मुगावर, हरभऱ्यावर काम चालतं. 'पीकेव्ही तारा' ही तूर इथलीच. घरी आल्यावर खुर्चीवरून हात न टेकता वीसदा उठते-बसते. वजन पासष्टवर टिकलंय आणि या वर्षी महालक्ष्म्यांची अख्खी पंगत मी वाढली. ज्या बाया चहा-बिस्किटावर वजन उतरवताहेत, त्यांना मी कळकळीनं सांगते: आधी आपल्या घरची डाळ मोजा, आणि ती कुणाच्या वाटीत जाते ते पाहा.

आई आता माझ्याकडे असते. ब्याऐंशी वर्षांची. मनगट इतकं बारीक झालंय, की बांगडी कोपरापर्यंत सरकते. पहिल्या दिवशी मी गंज ढवळून पळी तळापर्यंत नेली, तर तिनं वाटीवर हात ठेवला. "मले पातयच आवडते व."

"आई, आता घट्टच खायचं," म्हणत मी तिचा हात बाजूला केला.

तिनं खाल्लं. सावकाश, वाटीच्या कडेला बोट फिरवून. मग गंजाकडे पाहून तिनं विचारलं, "तुले राह्यलं काय?"

मी गंज तिच्याकडे तिरपा केला. तळाशी दोन पळ्या घट्ट वरण होतं. ते माझ्या वाटीत पडेपर्यंत ती पाहत राहिली, आणि मग पाण्याचा पेला तोंडाला लावला.