परतीची ऑर्डर न आलेली माणसं

चेन्नईला पोस्टिंग आली आणि रिपोर्ट केल्यावर नेहमीचं वाक्य ऐकायला मिळालं, "सर, क्वार्टरला वेटिंग आहे." बावीस वर्षांच्या नोकरीत याची सवय झाली आहे. काळ्या ट्रंका ट्रान्झिटमध्ये ठेवून घर शोधत फिरलो आणि शेवटी वेस्ट मांबलमला स्थिरावलो. रुळांच्या पलीकडे टी. नगरमधल्या साड्यांची आणि सोन्याची झगमग. अलीकडे अयोध्या मंडपम्, दारोदारी कोलम, पहाटे फिल्टर कॉफीचा वास आणि संध्याकाळी डासांची हजेरी. मोठा पाऊस झाला की दुरैसामी सबवे तुंबतो आणि टी. नगर एकदम परगाव होऊन जातं.

राहायला आल्यावर दुसऱ्याच दिवशी जिन्यात उभा राहून आईशी फोनवर बोलत होतो. आईला कमी ऐकू येतं, त्यामुळे आवाज चढलेला. फोन ठेवला तर तळमजल्याच्या दारात घरमालक उभे. "आई बरी आहे का तुमची?" चक्क मराठीत! सूर तमिळ, शब्द मात्र आपले, त्यातले काही तर आपण केव्हाच टाकून दिलेले.

काका तंजावरचे मराठी. वय अठ्ठ्याहत्तर, काकू गेलेल्या, दोन्ही मुलं अमेरिकेत. पूर्वज व्यंकोजीराजांच्या मागोमाग इकडे आले. "तलवार घेऊन नाही हो, लेखणी घेऊन," काका हसून म्हणाले. म्हणजे आमच्या भाषेत क्लार्क ब्रँच. साडेतीनशे वर्षं होत आली, पण परतीची मूव्हमेंट ऑर्डर काही आली नाही.

जानेवारीच्या शेवटी काकांनी सहज सांगितलं, तंजावरचं वडिलोपार्जित घर विकलं, सही करायला बसने जाणार आहे. मला चार दिवसांची रजा मिळण्यासारखी होती, मुलीची परीक्षा असल्यामुळे घरच्यांना हलता येत नव्हतं. म्हटलं, "काका, गाडी काढतो." ते म्हणाले, "मग धनुष्कोडीही करू. लहानपणी वडिलांबरोबर रेल्वेने गेलो होतो, त्यानंतर नाही."

माझ्या बॅगेतही एक कागद होता. साताऱ्याजवळच्या आमच्या गावातलं घर विकण्यासाठी धाकट्या भावाने पाठवलेलं कुलमुखत्यारपत्र. पाच महिने सहीवाचून पडलेलं. हे मी काकांना सांगितलं नव्हतं.

पहाटे पाचला निघालो. तिंडीवनमला उजवीकडे जिंजीचा फाटा लागतो. राजाराम महाराजांनी जिथून स्वराज्य लढवत ठेवलं तो हा किल्ला. मराठ्यांचे जे बारा किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतला महाराष्ट्राबाहेरचा हा एकटाच. पुढे विक्रवांडीहून कुंभकोणमचा रस्ता धरला आणि कावेरीचा मुलूख सुरू झाला. सांबा भाताची कापणी चालू होती. अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घातलेलं, बाया पायाने ते उलथवत होत्या. गाडीचा वेग आपोआप वीसवर आला. वाटेत कोळ्ळिडम ओलांडली. याच नदीच्या काठी १६७७ साली शिवाजी महाराज आणि व्यंकोजीराजे या सावत्र भावांची भेट झाली होती. वाटणीचाच विषय होता. मला बॅगेतला कागद आठवला.

तंजावरच्या मोठ्या देवळात सरफोजीराजांनी १८०३ साली भिंतीवर कोरून घेतलेली भोसले घराण्याची बखर आहे. चोळांच्या दगडावर ओळीमागून ओळ देवनागरी मराठी. एनडीएत असताना इतिहासाच्या पेपरात मी तंजावरवर दोन ओळी खरडल्या होत्या. इथे भिंतच्या भिंत वाचत उभा राहिलो. शेजारून तमिळ कुटुंबं जात होती, कोणी थांबत नव्हतं. त्यांचंही बरोबर आहे, त्यांच्यासाठी ती नक्षीच.

दुसऱ्या दिवशी सबरजिस्ट्रारच्या कचेरीत काकांनी सह्या केल्या. दहा मिनिटांचं काम, तीन तासांची वाट. मग राजवाड्याजवळच्या गल्लीतल्या त्या घरी गेलो. नव्या मालकाला विचारून काका आत गेले. ओसरी नाही, देवघर नाही, थेट स्वयंपाकघर. रिकाम्या चुलीच्या कोपऱ्यात ते मिनिटभर उभे राहिले आणि बाहेर आले. मी काही विचारलं नाही.

पट्टुकोट्टईच्या पुढे समुद्रकाठी सरफोजीराजांनी बांधलेला आठ मजली मनोरा आहे. कशासाठी? इंग्रजांच्या विजयाच्या आणि नेपोलियनच्या पाडावाच्या स्मरणार्थ! १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेलेला, राजाकडे उरला होता किल्ला, ग्रंथालय आणि मान. फौजी माणसाला ते बघून कसंसंच होतं. काका म्हणाले, "कर्नलसाहेब, राज्य गेलं म्हणून राजाने पुस्तकं जमवली. ती मात्र राहिली." १८५५ मध्ये गादी खालसा झाली. पलटण मोडली, पण माणसं जागेवरच राहिली.

तिथून तोंडी, देवीपट्टिनम. डावीकडे पाल्कची सामुद्रधुनी, उजवीकडे ताडाची झाडं, मिठागरं आणि निर्मनुष्य माळ. तास तास समोरून गाडी येत नव्हती. अशा रस्त्यावर माणूस बोलता होतो. मी कागदाचं सांगून टाकलं.

काकांनी सल्ला दिला नाही. बऱ्याच वेळाने विचारलं, "तुमची मुलगी आजीशी कुठल्या भाषेत बोलते?"

खरं उत्तर होतं, हिंदीत. नऊ शाळा, पाच राज्यं. आईचं हिंदी तोडकंमोडकं. दोघी दोन मिनिटं बोलतात, 'कैसी हो, ठीक हूँ' होतं आणि फोन माझ्याकडे येतो.

"आमच्या आजीचा नियम होता," काका म्हणाले. "बाहेर तमिळ बोला, शाळेत इंग्रजी बोला. चुलीपाशी मराठीत मागितल्याशिवाय ताटात काही पडायचं नाही. मी उपाशी झोपलोय एकदा, डांगर पचडी हवी हे मराठीत सांगायला हट्टाने नकार दिला म्हणून." थोडं थांबून म्हणाले, "माझ्या मुलांना मी हा नियम लावला नाही. अभ्यास मागे पडेल वाटलं. नातवंडांशी मी आता इंग्रजीत बोलतो. काय बोलायचं, सुचत नाही."

पांबनच्या १९८८ च्या रस्ता-पुलावर गाड्या थांबवून लोक रेल्वेचे पूल बघत असतात. एक १९१४ चा. दुसरा एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेला, त्याचा मधला भाग जहाजासाठी लिफ्टसारखा सरळ वर जातो. डिसेंबर १९६४ च्या वादळात जुना पूल मोडला, तो ई. श्रीधरन यांच्या टीमने ४६ दिवसांत उभा केला. त्याच वादळात प्रवाशांनी भरलेली रेल्वेगाडी समुद्राने गिळली आणि धनुष्कोडी संपलं. आज छप्पर नसलेलं चर्च, स्टेशनच्या काही भिंती आणि शंखशिंपल्यांची दुकानं. काका स्टेशनसमोर उभे राहिले. "इथे वडिलांनी मला सोडा पाजला होता," एवढंच म्हणाले.

अरिचल मुनैला रस्ता संपतो. पुढे फक्त पाणी. मोबाईलवर मेसेज आला, श्रीलंकेत आपलं स्वागत आहे! परवानगीशिवाय देश सोडल्याबद्दल आता खुलासा मागतील, मी म्हटलं. काका पहिल्यांदाच मनापासून हसले.

परत येऊन तीन आठवडे झाले. आमच्या घरी रात्रीच्या जेवणाला काकांच्या आजीचा नियम लागू आहे. पहिल्या दिवशी मुलगी रागावून ताटावरून उठली. मीही त्या रात्री नीट जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी "पोळी पाहिजे होता" असं काहीतरी आलं, ते आम्ही पास केलं. आता ती संध्याकाळी खाली काकांकडे जाते. तंजावरी मराठी शिकून येते, सूर तमिळ, शब्द दोनशे वर्षांपूर्वीचे. परवा आजीशी सात मिनिटं बोलली. आईने नंतर मला विचारलं, "ही अशी कुठली भाषा बोलते रे? पण कळतं सगळं."

कागद अजून ड्रॉवरमध्ये आहे. बहुतेक सही करीन, भावालाही अडचण आहे. पुढची पोस्टिंगही वर्षभरात येईलच. ट्रंका परत भरू, आणि तो नियम बरोबर नेऊ.