पंख्याला मी मोजतच नव्हतो

आमच्या रिसोडकडे पाणी म्हणजे पैनगंगा, अडोळचं धरण आणि विहिरी. तरी यंत्राचा, अगदी बोटीचाही, विषय निघाला की मी कुणाला बोलू देत नसे. ट्रॅक्टर दुरुस्तीत हयात गेली. इंजिन दमदार असलं की झालं, एवढंच माझं शास्त्र. मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींची शर्यत झाली, तेव्हाही मी एकच विचारत होतो, "किती एचपी?" मागच्या पंख्याची चौकशी करावी असं वाटलंच नाही.

पुढे मालवणला भाच्याने पर्यटकांसाठी घेतलेली स्पीडबोट पाहिली. सरळ जाताना सुसाट. वळण घेतलं की मागचा भाग घसरायचा, इंजिन किंचाळायचं आणि वेग मात्र मरायचा. मी निकाल दिला, "इंजिनच कमजोर आहे, मोठं घे." बोट चालवणारा पोरगा हसला. "मेस्त्री, इंजिनाक काय झाला नाय. पंखो वारो खाता."

याला काय कळतंय, असं मनात आलं. तो निव्वळ माज होता. इंजिन मी ओळखत होतो, पाणी नाही. आणि ते विचारायची लाज वाटत होती.

त्याने स्प्लिट पिन काढली, नट सोडला आणि तीन पात्यांचा ॲल्युमिनियमचा पंखा हातात दिला. पिच १९, म्हणजे एका फेऱ्यात तत्त्वतः १९ इंच पुढे. हा तर गिअरच! भरल्या ट्रॉलीने चढाला वरचा गिअर टाकू नये, हे मी जन्मभर लोकांना सांगत आलो होतो. शिवाय वळणावर बोट कलते, पंखा पृष्ठभागाजवळ येऊन हवा ओढतो आणि पाती फेसात फिरतात.

त्याने चार पात्यांचा, कडांना बाक दिलेला स्टीलचा पंखा बसवला, पिच १७. तेवढीच माणसं, तेच वळण. बोट कलली, पण घसरली नाही. इंजिनचा आवाजही चढला नाही. सरळ रेषेतला वेग किंचित उतरला, त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. मी मात्र गप्प झालो. माझं ऐकलं असतं, तर भाच्याचे लाखो रुपये पाण्यात गेले असते.

म्हणून सांगतो, बोट वळणावर घसरली तर आधी इंजिनला दोष देऊ नका. नेहमीइतकी माणसं बसवून मोकळ्या पाण्यात पूर्ण थ्रॉटल द्या आणि आरपीएमचा काटा पाहा. कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या खाली अडकला तर पिच जास्त. वर पळाला तर कमी. इंजिन किती उंच बसवलंय तेही तपासा. पैसे त्यानंतर काढा.