आंब्याची बिअर, गावठी दारू आणि पाचवे शील

गावठी अंडे शहरात महाग मिळते. गावठी कोंबडी, गावठी लसूण, गावठी गाईचे तूप, पाटीवर हा शब्द लिहिला की भाव चढतो. पण तोच शब्द माणसाला लावला की शिवी होते आणि दारूला लावला की गुन्हा होतो. शब्द एक आणि त्याचे भाव तीन. हे भाव कोण ठरवतो, हा खरा प्रश्न आहे. निमित्त मात्र आंब्याच्या बिअरचे आहे.

आमचे काष्टी श्रीगोंदा तालुक्यातले. शनिवारचा जनावरांचा बाजार ही गावाची ओळख. वस्तीतली शिकलेली पोरे पुण्यात कामाला आहेत आणि सणासुदीला गावी येतात. गेल्या दिवाळीत ती विहारात जमली होती, व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाची आखणी करायला. पत्रक तयार होते : ‘हातभट्टी हटवा, वस्ती वाचवा’. काम संपल्यावर गप्पा निघाल्या त्या बिअरच्या. एकाला कोकमाची आंबटसर बिअर आवडते. दुसऱ्याला कॉफीच्या वासाची काळी. तिसरा म्हणाला, फळाबिळाची चव म्हणजे सरबत, बिअर कडूच पाहिजे. चौथा पोरगा कुरकुंभच्या कारखान्यात आहे, तो साधी स्ट्राँगची बाटली घेतो. त्याच्यावर बाकीचे हसले, “तू अजून स्ट्राँगवरच का? गावठीच राहिलास.”

मी विचारले, पत्रकात बिअरचे नाव का नाही? उत्तर आले, “तात्या, ती कुठं दारू आहे? आंब्याची चव असते तिला.”

माझा चुलता हातभट्टीने गेला. चुलतीने तीन लेकरे खुरपणीवर वाढवली. म्हणून या उत्तरावर नीट बोलले पाहिजे असे मला वाटते. पोरांना झापण्यासाठी नव्हे, कारण त्यांच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

पहिली गोष्ट चवीची. जिभा वेगळ्या असतात यात वाद नाही. १९३१ मध्ये अमेरिकेत आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एक भुकटी उडाली. ती शेजारच्या सहकाऱ्याला कडूजहर लागली आणि स्वतः फॉक्सला तिची चवच लागली नाही. पुढे कळले की काही कडू पदार्थांची चव किती लागते हे जन्मतः मिळालेल्या जनुकावर अवलंबून असते. म्हणजे कुणाला कडू आवडावे, कुणाला आंबट, हे स्वाभाविक आहे. पण हा फरक माणसामाणसांत असतो. एकाच घरातल्या दोन भावांत असतो. जातीजातींत उच्च जीभ आणि नीच जीभ असे काही निसर्गाने केलेले नाही.

ती उतरंड माणसाने केली. बिअरचाच इतिहास बघा. जर्मनीतल्या बव्हेरियात १५१६ साली फर्मान निघाले की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी याशिवाय काही घालायचे नाही. आज जग त्याला ‘शुद्धतेचा कायदा’ म्हणते. शुद्धता हा शब्द ऐकला की आपले कान टवकारतात, आणि ते बरोबरच आहे. कारण त्या नियमात गहू बसत नव्हता, तरी गव्हाची बिअर गाळण्याचा खास अधिकार एका सरदार घराण्याकडे होता, आणि १६०२ पासून तो थेट ड्यूककडे गेला. प्रजेला शुद्धतेचा नियम आणि सत्तेला सवलत! तिकडे शेजारच्या बेल्जियममध्ये आंबट बिअरमध्ये चेरी मुरवतात आणि त्याचा अभिमान बाळगतात. एका देशात जी भेसळ ठरते तीच दुसऱ्या देशात परंपरा असते. पेल्यातले द्रव्य तसे फारसे बदलत नाही. बदलतो तो शिक्का मारणारा.

आपल्याकडे हा शिक्का अधिक क्रूर आहे. मुंबई सरकारने १८९२ मध्ये चक्क मोहाच्या फुलांवर कायदा केला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या आदिवासीने आपल्याच रानातले फूल वेचून घरात ठेवणे संशयास्पद ठरले. आज मोहाची दारू देखण्या बाटलीत भरून ‘वारसा’ म्हणून विकणाऱ्या कंपन्या आल्या आहेत. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ ही देशातल्या पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी एक सुरू झाली आणि मग गच्चीवर बसून ताजी बिअर पिण्याची रीत पडली. ‘बिरा’ने आंबा-लस्सीच्या आणि कोकमाच्या चवीची बिअर काढली. कोकणातल्या आजीचे कोकम आणि आमच्या बांधावरचा आंबा आता ‘प्रयोग’ झाला. प्रयोग करणाऱ्याला परवाना मिळतो. पत्र्याच्या डब्यात गूळ आंबवणाऱ्या पारधी बाईच्या दारात पोलीस येतात. १८७१ च्या कायद्याने या समाजावर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, नजरेतून नाही.

मरण्यातही हीच उतरंड. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. २०१७ च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात, नगर तालुक्यातल्या पांगरमलला, निवडणुकीच्या पार्टीत वाटलेल्या दारूने माणसे दगावली. गच्चीवर कोकमाची बिअर पिणारा असा मरत नाही. म्हणून आपलाच पोरगा आपल्याच पोराला ‘गावठी’ म्हणतो तेव्हा मला ते हसण्यावारी नेता येत नाही. मनुवादाने आपल्या ताटाला नावे ठेवली. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ लिहून त्या ताटाची बाजू मांडली. आणि आपण मात्र पगार वाढल्याबरोबर पेल्यांची वर्णव्यवस्था लावायला बसलो!

मग कुणी म्हणेल, तात्या, सगळ्या चवी समान, तर सगळ्यांनी प्यायला काय हरकत? इथे दुसरी गोष्ट येते.

२४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत दारूबंदीच्या तत्त्वावर चर्चा झाली. आदिवासींचे नेते जयपाल सिंग मुंडा यांनी विरोध केला. तांदळाची बिअर आमच्या धर्मविधीचा आणि गुडघाभर पाण्यात लावणी करणाऱ्या संथाळांच्या कष्टाचा भाग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी त्यांची टिंगल केली नाही. हे तत्त्व राज्यावर सक्तीचे नाही आणि आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत, असे उत्तर त्यांनी दिले. म्हणजे दुसऱ्याच्या संस्कृतीवर दंडुका चालवायचा नाही, ही त्यांची भूमिका. आणि त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्या लोकांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये मद्य न पिण्याची प्रतिज्ञा आहे. यात विसंगती नाही. पहिला प्रश्न राज्याच्या सक्तीचा होता, दुसरा आपण स्वतःच्या तोंडाने स्वतःला घातलेल्या बंधनाचा.

आता ते बंधन नीट वाचू. पाचव्या शीलात ‘सुरा’ आणि ‘मेरय’ असे दोन शब्द आहेत. विनयपिटकात त्यांची फोड केलेली आहे. सुरा म्हणजे पिठाची, भाताची, किण्व घालून केलेली. म्हणजे आजच्या बिअरची थोरली बहीण. आणि मेरय म्हणजे फुलांचा आसव, फळांचा आसव, मधाचा आसव, गुळाचा आसव. मित्रांनो, मोह आला, आंबा आला, पुण्यात नव्याने निघालेली मधाची दारू आली, आणि आमच्या उसाच्या तालुक्यातला गूळही आला. ‘फळाची आहे म्हणून चालते’ ही पळवाट अडीच हजार वर्षांपूर्वीच बुजवलेली आहे.

ती का बुजवली हेही तिथेच सांगितले आहे. भिक्खू सागताने एका भयंकर नागाला वश केले. कोसंबीच्या लोकांनी सन्मान म्हणून घरोघरी त्याला मद्य पाजले आणि तो वेशीत आडवा पडला. तेव्हा भगवान बुद्धांनी भिक्खूंना विचारले की आता हा साध्या पाणसापाला तरी आवरू शकेल काय? मद्य गोड होते की कडू, स्वस्त की महाग, हे त्यांनी विचारलेच नाही. शीलात शब्द आहे ‘पमाद’, म्हणजे गाफीलपणा.

हिशेब करू. पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटर आंबा-बिअरमध्ये २५ मिली अल्कोहोल असते. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगात साधारण तेवढेच. काष्टीच्या बाजारात बैल घेणारा झूल बघत नाही, दात बघतो. आंबा ही झूल आहे. (दुकानात ‘फ्रूट बिअर’ नावाने बिनअल्कोहोलचे जे सरबत मिळते त्याच्याशी माझे भांडण नाही.)

अशीच झूल सरकारनेही घातली होती. २७ जानेवारी २०२२ रोजी सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्याचा निर्णय झाला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे असे सत्ताधाऱ्यांकडून सांगितले गेले. द्राक्षबागायतदारांचे भले होईल असेही सांगितले गेले. फळ बागायतदाराचे असले की दारू दारू राहत नाही, फूल आदिवासीचे असले की फूलही दारू होते!

मग आपण काय करायचे? शेजारच्या पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीला, पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारत. हे स्वतः अण्णा हजारे यांनीच सांगितले आहे. तो आपला मार्ग नाही. खांबाला बांधायचे ठरले की दोर नेहमी गरिबाच्याच हातांभोवती आवळतो. आपला मार्ग प्रतिज्ञेचा आहे, आणि प्रतिज्ञा आधी घेणाऱ्याला बांधते.

म्हणून तरुणांना माझे म्हणणे इतकेच. पत्रकावर ‘हातभट्टी’ खोडा आणि ‘मद्य’ लिहा. हातभट्टी गाळणाऱ्या बाईविरुद्ध तक्रार करण्याआधी तिच्यासाठी दुसऱ्या रोजगाराची मागणी करा. स्ट्राँग पिणाऱ्या मित्राला गावठी म्हणू नका. आणि वस्तीत व्यसनमुक्तीवर बोलायला उभे राहिलात, की समोरची विधवा बाई विचारू शकते, “बाबा, तू काय पितोस?” त्या प्रश्नाला ‘आंब्याची’ हे उत्तर होऊ शकत नाही.

जय भीम!