उतरता काटा

इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याच्या पोटात जो लोड सेल असतो, तोच सिम रेसिंगच्या, म्हणजे पडद्यावर गाड्यांच्या शर्यती खेळण्याच्या, महागड्या ब्रेक पेडलमध्येही असतो. धातूचा एक ठोकळा, त्यावर चिकटवलेले स्ट्रेन गेज आणि भार पडला की बदलणारे काही मिलिव्होल्ट. सोलापूरच्या नवी पेठेत वर्षानुवर्षं काटे दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांना हे कुणाकडून शिकावं लागलं नाही. दिवसा किराणावाल्यांचे आणि सराफांचे काटे, शटर ओढल्यावर मागच्या खोलीत पडद्यावर जीटी-थ्री वर्गाच्या रेसिंग गाड्या, असा त्यांचा दिनक्रम. पेडल त्यांनी घरीच बनवलं आणि त्याखालची चौकोनी पाइपची चौकट अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून वेल्डिंग करून आणली. काट्यांत सर्रास दिसणारी एचएक्स ७११ ही चिप मात्र त्यांनी लवकरच काढून टाकली. ती सेकंदाला जास्तीत जास्त ८० वेळा वाचन देते. तांदूळ तोलायला एवढं पुष्कळ झालं. ताशी २०० किलोमीटरने धावणारी गाडी दोन वाचनांच्या मधे जवळजवळ ७० सेंटिमीटर पुढे गेलेली असते.

या पेडलवर पूर्ण ब्रेक म्हणजे ७० किलो, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. गेल्या हिवाळ्यात उजवा गुडघा दुखू लागला, डॉक्टरांनी जोर लावायला मनाई केली आणि ७० चे ३२ झाले.

हा बदल त्यांच्या जिवाला लागला. ७० किलोचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवत नाहीत. खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी खुर्चीत बसवत आणि ब्रेक दाबायला लावत. बहुतेकांचा पाय निम्म्यावर थकायचा. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान येई, त्याचा गाडी चालवण्याशी काही संबंध नव्हता, हे ते आता स्वतःच सांगतात. पण त्या अभिमानाला आधार होता, तोही खोटा नव्हता. खऱ्या जीटी-थ्री गाडीच्या ब्रेकला घरगुती गाडीसारखा व्हॅक्यूम बूस्टर नसतो, सगळा जोर चालकाच्या पायाचा. फॉर्म्युला वनमध्ये तर हा जोर १०० किलोच्या वर जातो. वास्तव हवं असेल तर पायाला कष्ट हवेत, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते बरीच वर्षं कुणी खोडून काढलं नाही.

३२ किलोवर आल्यानंतर पाय थकेना. तरीही बेल्जियमच्या स्पा-फ्रँकोरशाँ सर्किटवरचं रिव्हाज वळण त्यांना पूर्वीइतकंच छळत राहिलं. मोटेक या ऑस्ट्रेलियन कंपनीचं सॉफ्टवेअर खऱ्या रेसिंग संघांच्या वापरातलं. असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने या गेममधली नोंद त्यात उघडता येते. ती उघडली की ब्रेकची रेघ समोर येते. वर चढताना ती सुबक, टोकाला सपाट, आणि उतरताना थेट कोसळलेली. ७० किलोला ती तशीच कोसळायची, तेव्हा दोष भाराला देता येत होता.

अडचण सगळी या उतरत्या रेघेत आहे. ब्रेक दाबणं महिन्याभरात जमतं. ब्रेक सोडणं अनेकांना कधीच जमत नाही. रिव्हाज हे उताराचं, उजवीकडे लांबलचक वळत जाणारं वळण. त्यात ब्रेक लावूनच शिरावं लागतं आणि स्टिअरिंग जसजसं वळेल तसतसा पाय मागे घ्यावा लागतो. टायरजवळ पकड ठरावीक असते. ती थांबायला वापरा, वळायला वापरा किंवा दोन्हींत वाटून घ्या, बेरीज तेवढीच. ब्रेक लागलेला असताना गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो, म्हणून ती चाकं रस्ता घट्ट धरतात. पाय झटकन उचलला की नाक वर येतं, पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी वळायचं सोडून बाहेरच्या कडेकडे सरकू लागते. पाय फार वेळ ठेवला तर मागची चाकं हलकी पडतात आणि शेपूट पुढे यायला बघतं. या दोन चुकांच्या मधली जागा एखाद-दोन सेकंदांची असते. बादली विहिरीत सोडताना दोर मुठीतून सरकू द्यावा लागतो, मूठ उघडून भागत नाही, तसं हे काम आहे.

जॅकी स्ट्यूअर्ट १९६९, १९७१ आणि १९७३ असे तीनदा फॉर्म्युला वनचे विश्वविजेते झाले. ब्रेकवरून पाय कसा काढावा यावर त्यांचा कायम भर राहिला आहे. पण स्ट्यूअर्ट यांच्याजवळ एक गोष्ट होती जी नवी पेठेतल्या खोलीत नाही. ती म्हणजे गाडीत बसलेलं शरीर. मागची चाकं सुटू लागली की खऱ्या चालकाला ते आधी कमरेला आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला कळतं. सिममध्ये खुर्ची स्थिर असते. गाडी फिरते आहे हे आधी डोळ्यांना दिसतं आणि डोळे उशीर करतात. स्टिअरिंगची मोटर पुढच्या चाकांबद्दल पुष्कळ सांगते. पुढच्या टायरची पकड संपायच्या थोडं आधीच स्टिअरिंग हातात हलकं होऊ लागतं, कारण टायरच्या मागच्या बाजूला सरकलेलं जोराचं केंद्र पुन्हा मध्याकडे येतं. मागच्या टायरबद्दल मोटर फार कमी बोलते. मग उरतात कान, डोळे आणि पाय.

डोळ्यांसाठी त्यांनी दृश्यकोन गणिताने बसवला. २७ इंची पडदा डोळ्यांपासून ७० सेंटिमीटरवर असेल तर आडवा कोन साधारण ४६ अंश निघतो. नवशिक्याला हे चित्र गुदमरवणारं वाटतं, आरसेही दिसत नाहीत. म्हणून बहुतेक जण कोन वाढवतात. वेग जास्त भासतो, मजा येते, पण अंतरं खोटी होतात आणि गाडी किती अंशांनी फिरली याचा अंदाज बिघडतो. या मुद्द्यावर ते कुणाशीही वाद घालायला तयार असतात.

मग पोरगा आला. काटे दुरुस्ती शिकायला येणारा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा. त्याच्या घरी जुनं गिअरचं स्टिअरिंग आणि साधं पोटेन्शिओमीटरचं पेडल, जे भार मोजत नाही, पाय किती खोल गेला एवढंच मोजतं. त्या पेडलवर तो रिव्हाजमधून, ज्यांना तो काका म्हणतो त्या या गृहस्थांपेक्षा स्वच्छ निघायचा. काही दिवस त्याने मागे उभं राहून नुसतं पाहिलं आणि एकदा म्हणाला, "तुम्ही ब्रेक सोडत न्हाई काका, टाकून देताव."

काकांना राग आला. तो उतरायला आठवडा लागला. पण काट्याचं काम करणाऱ्या माणसाला या वाक्यातून पुढचा रस्ता दिसणं अटळ होतं. काटा तपासताना वजनं चढवत जायची आणि मग उतरवतही आणायची, हा त्यांच्या धंद्याचा रोजचा पाठ. चढताना १० किलोला काटा १० दाखवतो आणि उतरताना तिथेच थोडं वेगळं दाखवतो. याला हिस्टेरेसिस म्हणतात. चांगल्या लोड सेलमध्ये हा फरक नगण्य असतो. रबरात तो भरपूर असतो. आणि पेडलला खऱ्या ब्रेकसारखा कडकपणा यावा म्हणून त्यांनी सेलच्या पुढे रबरी बुशांची चळत बसवली होती. पाय मागे घेताना रबर पायाइतक्या लवकर फुगत नव्हतं. पाय अर्धा इंच मागे आला की भार निम्म्याहून खाली गेलेला. सेल खरं तेच सांगत होता, पण पायाने जिथे ३० टक्के आहेत असं धरलं होतं तिथे उरलेले असत १०. पोटेन्शिओमीटरवाल्या पोराला ही अडचण नव्हती. त्याचं पेडल खोली मोजत होतं आणि तो खोलीच सोडत होता.

सोलापूरच्या उन्हाळ्याने यात आपली भर घातली. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला की पत्र्याखालच्या खोलीत रबर आणखी मऊ पडतं. रात्री नऊला बसवलेला ब्रेक बाराला वेगळा लागतो. युरोपातल्या थंड खोल्यांत बसून पेडलची परीक्षणं करणाऱ्यांच्या हे ध्यानातही येत नसेल.

त्यांनी बुश काढले आणि पोलादी स्प्रिंग घातली, टोकाला रबराची पातळ चकती फक्त. मग एका जुन्या काट्याचा लाल आकड्यांचा डिस्प्ले पेडलला जोडला. आता पडदा बंद ठेवून ते नुसतं उतरवण्याचा सराव करतात. ३० किलोवर जायचं आणि मनात दोन मोजत आकडा सारखा खाली आणायचा. ३० ते १५ सोपं आहे. १५ ते ५ बरं. ५ ते शून्य हा सगळ्यात अवघड टप्पा. तिथे मांडीऐवजी घोट्याने काम करावं लागतं. पन्नाशी ओलांडलेला घोटा हे काम नाखुशीने करतो.

वास्तवाच्या नावाखाली जे विकलं जातं त्याबद्दल त्यांची मतं तिखट आहेत. स्टिअरिंगला २० न्यूटन-मीटरची मोटर लावून मनगटं सुजवून घेणारे त्यांच्या दृष्टीने वास्तवापासून दूर गेलेले लोक. जीटी-थ्री गाडीला पॉवर स्टिअरिंग असतं, हे ते प्रत्येकाला ऐकवतात. दुसरा राग विकतच्या सेटअपचा. पैसे देऊन कुणीतरी केलेली हवेच्या दाबाची आणि पंखाच्या कोनाची फाइल आणायची, ती कशाने वेगवान आहे हे न विचारता शर्यत मारायची. तिसरा राग एबीएसवर झोपणाऱ्यांचा. वळणात शिरताना ब्रेक गच्च धरून चाकांचं भान यंत्रावर सोपवणारे काही जण त्यांच्यापेक्षा वेगवान आहेत, याचं त्यांना दुःख आहे. तो वेग कायदेशीर आहे, त्यात लबाडी नाही, पण त्याला ते चालवणं म्हणायला तयार नाहीत.

१९९८ साली पॅपिरस कंपनीने ग्रँड प्रिक्स लेजेंड्स हा सिम रेसिंगचा गेम काढला होता. १९६७ च्या गाड्या, पंख नाहीत, टायर अरुंद. पहिल्या वळणावर बहुतेकांची गाडी फिरायची आणि लोक महिनोन्महिने तेच शिकत बसायचे. त्याच कंपनीतले डेव्ह केमर पुढे २००८ मध्ये आयरेसिंग हे सिम घेऊन आले. तेव्हाची सहनशीलता आता उरली नाही, असं या गृहस्थांचं म्हणणं आहे. या बाबतीत ते पुरते बरोबर वाटत नाहीत. २०१९ च्या रेस ऑफ चॅम्पियन्समध्ये एन्झो बोनिटो या सिम रेसरने फॉर्म्युला ई विजेत्या लुकास दि ग्रासीला खऱ्या गाडीत हरवलं. २०२० मध्ये जेम्स बाल्डविनने ब्रिटिश जीटीच्या पदार्पणातच ओल्टन पार्कला शर्यत जिंकली. ही माणसं नव्या पिढीची आणि सिममधून पुढे आलेली.

आपल्याकडे मोठ्या सर्किटचं दर्शन बहुतेकांना पडद्यावरच होतं. बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली. ५.१२५ किलोमीटरचा तो रस्ता सोलापूरच्या पोरांना गेममधून पाठ आहे. महाराष्ट्रात त्यातल्या त्यात जवळचं ठिकाण कोल्हापूर. मोहिते रेसिंग ट्रॅकवर कार्टिंग चालतं आणि कृष्णराज महाडिक यांच्यासारखे चालक याच शहरातून ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेले. नवी पेठेतले काकाही पोराला घेऊन कोल्हापूरला जाऊन आले. कमरेला गाडी कळते म्हणजे काय, हे त्यांना तिथे कळलं. पण तिथल्या कार्टला ब्रेक फक्त मागच्या आसाला. पुढच्या चाकांवर भार धरून ठेवत ब्रेक उतरवण्याचा जो पाठ त्यांना हवा होता, तो तिथे मिळण्यासारखा नव्हता. पोरगा मात्र परतीच्या वाटेवर पंढरपूर येईपर्यंत बोलत होता.

हल्ली रिव्हाजची रेघ उतरताना तिरपी दिसते. शेवटच्या ५ किलोंत अजून एक पायरी पडते, पोराच्या रेघेत ती पडत नाही. गुडघा बरा आहे, पण ७० किलोवर परत जायचा विचार त्यांनी सोडून दिला आहे. आसपास कुणी हा नाद नव्याने लावून घेत असेल तर त्यांचं सांगणं एवढंच आहे: मोटरवर खर्च करण्याआधी पेडल घ्या, ते घेताना दाबून बघता तसं हळूहळू सोडूनही बघा, आणि सेलच्या पुढे रबर असेल तर मे महिन्यात पुन्हा एकदा तपासा.