उकिडवे बसणे

व्याकरणात दोन वर्ण जुळतात त्याला संधी म्हणतात आणि शरीरात दोन हाडे जुळतात त्यालाही. धातू हा शब्दही असाच दोन शास्त्रांत वावरतो. आयुर्वेदाने तो देह धारण करणाऱ्या सात घटकांना लावला, वैयाकरणांनी क्रियापदाच्या मुळाला. भाषेच्या अभ्यासकाला शरीराच्या चलनवलनाकडे वळवण्यास एवढे शेजारपण पुरेसे आहे.

स्नायूला आखडण्याची एकच कृती साधते. तो ओढू शकतो. ढकलू शकत नाही. म्हणून प्रत्येक सांध्याशी परस्परविरोधी स्नायू असतात : कोपर दुमडणारा दंडाच्या पुढे, सरळ करणारा मागे. दुमडणारा स्नायू कोपराच्या आसापासून जेमतेम पाच सेंटीमीटरांवर जोडलेला, तर हातातले ओझे पस्तीसेक सेंटीमीटर दूर. त्यामुळे कोपर काटकोनात ठेवून पाच किलोंचे ओझे पेलायचे, तर स्नायूला त्याच्या सुमारे सातपट जोर लावावा लागतो. सतराव्या शतकात इटालियन गणितज्ञ बोरेल्ली याने स्नायूंचा हा हिशेब तरफेच्या नियमाने मांडला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८०-८१ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यवहार तोट्याचा वाटतो खरा. पण स्नायू दीड-दोन बोटे आखडला की तळहात वीतभर सरकतो. बळ खर्चून वेग मिळवलेला असतो.

तरफेचा नियम सर्वत्र सारखा असला, तरी देह कसा वापरावा हे प्रत्येक समाज आपापल्या परीने ठरवतो. उकिडवे बसणे ही भारतातील शेतात, चुलीपुढे, नदीकाठी सहज घडणारी क्रिया. त्या वेळी नितंब मागे जातात. तोल सावरण्यासाठी नडगी पुढे कलावी लागते, म्हणजेच घोटा पुरेसा दुमडावा लागतो. घोटा ताठ राहिला, तर टाचा टेकून बसू पाहणारा माणूस मागे कलंडतो. मांडी घालताना पाऊल आत वळावे लागते, आणि खाचखळग्यांच्या वाटेवर तळव्याला दोन्ही अंगांना कलता यावे लागते.

पाश्चात्त्य धर्तीच्या कृत्रिम पावलात ही सोय नव्हती. ते बुटात घालून सपाट फरशीवर चालण्यासाठी घडवलेले होते आणि त्याचा घोटा पक्का होता. ते लावून भारतीय माणूस चालू शकला, तरी पंगतीत मांडी घालून बसणे, चिखलात अनवाणी उतरणे त्याला दुरापास्त होते. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास रबराचे जे पाऊल सिद्ध केले, त्याचे महत्त्व येथे आहे. ते अनेक दिशांना वाकते, भिजले तरी चालते आणि त्याला बुटाची गरज नाही. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचे फारसे शालेय शिक्षण झालेले नव्हते. पण लोक कसे बसतात, हे त्यांच्या हातांना ठाऊक होते.

रबराच्या पावलात स्नायू नाहीत. त्याला हलवायचे काम उरलेल्या मांडीला आणि कमरेला नव्याने शिकावे लागते. १९८१ च्या अपघातानंतर पाय गमावलेल्या सुधा चंद्रन १९८४ मध्ये असेच पाऊल लावून भरतनाट्यमच्या रंगमंचावर परतल्या. त्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. परंतु ज्यांची नावे कोठेही नोंदली गेली नाहीत, अशा असंख्यांना त्या पावलाने रंगमंच दिला नाही. त्यांना जमिनीवर, आपल्या माणसांच्या बरोबरीने बसण्याची जागा परत दिली.