उंदराला न सांगता आलेली दाढ

पोराचा पहिला दुधाचा दात पडला की आपल्या घरात केवढी धांदल उडते! कुणी म्हणतं उंदराच्या बिळात टाका, कुणी म्हणतं कौलांवर फेका, तर आजीला तो तुळशीच्या बुडाशी पुरायचा असतो. पोरगं बोळकं दाखवीत गावभर हिंडतं. पण साधारण त्याच सुमारास, म्हणजे सहाव्या वर्षाच्या आगेमागे, त्याच्या तोंडात आणखी एक पाहुणी येते आणि तिची दखल कुणीच घेत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, वर दोन आणि खाली दोन, अशा चार नव्या दाढा उगवतात. त्यांच्यासाठी कुठलाच दात पडत नाही. उंदराला काही द्यावं लागत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ताही लागत नाही. आणि मंडळी, या दाढा दुधाच्या नव्हेत. त्या कायमच्या असतात. साठाव्या वर्षी भाकरी चावायची ती त्यांनीच.

मी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत लहान वर्ग शिकवले. पोरांची तोंडं वाचायची सवय बाईला आपोआपच लागते. तिसरीत माझ्याकडे एक मुलगी होती. तीसपर्यंतचे पाढे तिला घडाघडा यायचे. एके दिवशी ती गाल धरून मुकाट बसली. चौकशी केली तेव्हा कळलं, महिनाभर दाढ ठणकत होती. आईनं आधी लवंग ठेवली, मग चिमूटभर तंबाखू. आजीनं दातातली कीड काढणारी बाई बोलावली. तिनं रिंगणीच्या बियांचा धूर दिला आणि ताटलीत पांढऱ्या बारीक अळ्या दाखवल्या. सगळ्यांना हायसं वाटलं. दोन रात्रींनी गाल टम्म फुगला, अंगात ताप भरला.

मी तिच्या आईबरोबर तालुक्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पाहिलं, दाढ आतून पोखरून गेली होती, ती काढावी लागणार होती. आईनं अगदी सहज विचारलं, "दुसरी येईल की हो, डॉक्टरसाहेब?" डॉक्टर म्हणाले, "नाही येणार. ही कायमची होती." त्या माउलीचा चेहरा मला अजून आठवतो. तिनं काही हयगय केली नव्हती. ती दाढ दुधाची आहे, पडेल आणि नवी येईल, असंच तिला वाटत होतं. आपल्यापैकी किती जणांना वाटतं, सांगा बरं?

आता त्या कीडीचं. तुम्ही कापूस पिकवता, बोंडअळी तुम्हाला ओळखता येते. दाताची कीड तशी नसते. दातात अळी नसतेच, मग ताटलीत पडणार कुठून? असतात ते डोळ्यांना न दिसणारे जंतू. दातावर चिकट थर जमतो त्यात ते राहतात. आपण गोड खाल्लं की त्यांचंही जेवण होतं आणि ते आम्ल सोडतात. दाताचं वरचं कवच आपल्या शरीरात सगळ्यांत टणक, पण आम्लापुढे तेही झिजतं. लाळ ते आम्ल हळूहळू धुऊन काढते. त्याला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. तेवढ्यात पोरानं दुसरी गोळी तोंडात टाकली की लाळेची मेहनत पाण्यात.

म्हणून पोर किती गोड खातं यापेक्षा कितीदा खातं, हे आधी पाहावं. स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म इथल्या संस्थेत 1945 नंतरच्या काही वर्षांत याचा प्रयोग झाला. तिथल्या मतिमंद रहिवाशांना, त्यांची संमती न घेता, चिकट टॉफ्या खाऊ घातल्या गेल्या. माणसांशी असं वागणं पापच, आज ते कुणी करू देणार नाही. पण त्यातून दिसलं ते खरं आहे. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेनं दात फारसे किडले नाहीत, मधल्या वेळी चघळलेल्या चिकट गोडानं मात्र भराभर किडले.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या घरी गूळ असतो, साखर नाही. गूळ आपल्याला प्यारा, आपल्याच उसाचा. पण जंतूंना गूळ आणि साखर यातलं काही कळत नाही. पुरणपोळी, गूळ-पोळी जेवणात खुशाल वाढा. खिशात गुळाचा खडा, चहात बुडवलेली बिस्किटं, पाच रुपयांची पुडी, हे दिवसभर चाललेलं तेवढं आवरा. मधल्या वेळी शेंगा, फुटाणे, काकडी, गाजर आहेतच. तान्ह्याला गोड दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवू नये, हेही जाता जाता सांगते.

दात घासायचे ते दोनदा, आणि त्यातही रात्री झोपण्यापूर्वीची वेळ चुकवू नका. झोपेत लाळ कमी सुटते. राखुंडी, विटकरीची पूड, कोळसा यांनी दात पांढरे दिसतात खरे, पण कवच खरवडलं जातं. मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट घ्यावी, तीन वर्षांवरच्या पोराला वाटाण्याएवढी, त्याहून लहानाला तांदळाच्या दाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दिसते, ती खपासाठी. सात-आठ वर्षांपर्यंत शेवटचा हात आईबापानं फिरवावा आणि ब्रश त्या मागच्या दाढेपर्यंत न्यावा.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. तिथल्या पोरांच्या दातांवर खडूसारखे किंवा तपकिरी डाग दिसतात. ते घासून जाणार नाहीत. ग्रामपंचायतीकडून पाणी तपासून घ्या आणि पेस्टचं डॉक्टरांना विचारा.

मिश्रीबद्दल बोललं की आज्या माझ्यावर रुसतात. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारनं 1992 मध्ये बंदी केली, पण तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कोण अडवणार? नात शेजारी बसून आजीचं पाहते आणि तिचंही बोट डबीत जातं.

शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. 2013 पासून ही योजना चालू आहे, आणि त्या तपासणीत दातही पाहतात. त्या दिवशी पोराला शेतावर नेऊ नका. चिठ्ठी मिळाली तर ती फडताळात ठेवू नका. दाढेच्या खोल खाचा किडण्याआधीच बुजवून घेता येतात, न दुखता. गालाची सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली, तोंड उघडेना, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सुजेवर शेकू नका आणि गोळी कुटून हिरडीवर दाबू नका, हिरडी भाजते.

आणि पोरगं सायकलवरून आपटून पुढचा कायमचा दात अख्खा बाहेर आला, तर तो फेकू नका. मुळाला हात न लावता वरच्या बाजूनं धरा. माती लागली असेल तर क्षणभर दुधात खळबळा, घासू नका. मग पेलाभर दुधात बुडवून, पोराला आणि पेल्याला घेऊन अर्ध्या तासाच्या आत दातांच्या डॉक्टरकडे पोचा. तो परत बसवता येतो. आपल्या घरी म्हशीचं दूध असतंच.